सेन्सर म्हणतो लीन, प्लग सांगतात रिच: वरुडकडच्या एका संत्रा गाडीचं प्रकरण

गाडी बीएस ६ मिनी ट्रक, पेट्रोल अन सीएनजी दोन्हीवर चालणारी, किट कंपनीतूनच बसून आलेली. काम संत्र्याचं. वरुड, शेंदुरजना घाटच्या बागांतून माल उचलायचा, पांदण रस्त्यानं डांबरीवर यायचं अन काटोल मार्गे नागपूरच्या कळमना मार्केटला. येताना नागपुरात गॅस भरायचा, गॅस संपला की पेट्रोल. तक्रार अशी की चेक इंजिनचा दिवा लागतो, अ‍ॅव्हरेज पडलं, अन उभ्या गाडीत इंजिन हलते, मागून कच्च्या पेट्रोलचा वास येते.

माझ्याकडे यायच्या आधी दुसरीकडे पुढचा ऑक्सिजन सेन्सर नवीन टाकून झाला होता, थ्रॉटल बॉडी साफ झाली होती, एअर फिल्टर बदलला होता. दिवा विझवला की थोडे दिवस बरं, मंग परत हजर. मालक म्हणे, "भाऊ, एवढा महागाचा सेन्सर टाकला तरी दिवा येऊनच राहिला, काऊन? सारे म्हणतात इथेनॉलनं वाट लावली, इथेनॉल आहे का मंग?"

कोड होता पी०१७१. म्हणजे ईसीयूच्या, इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या, मते मिश्रण लीन, हवा जास्त अन इंधन कमी. याच्या उलट, इंधन जास्त, ते रिच. हा कोड दिसला की आपल्याकडे पहिला वार ऑक्सिजन सेन्सरवर पडते, कारण हा कोड सेन्सरच्या रीडिंगवरूनच पडते अन तो बदलायला सोपा असते. पण सेन्सरनं जे पाहिलं ते कळवलं, एवढाच त्याचा भाग. खुद्द सेन्सरच्या बिघाडाचे कोड वेगळे असतात, त्याच्या हीटरचा पी०१३५ सारखा कोड या गाडीत नव्हता. म्हणून मी आधी कोड पुसला नाही. पुसला की ट्रिमही, म्हणजे ईसीयूनं इंधनात केलेली कमी-जास्त दुरुस्तीही, शून्यावर जातात अन कोड पडला त्या क्षणाचे आकडे, फ्रीझ फ्रेम, तेही जातात, अन या प्रकरणात सगळ्यात कामाची माहिती त्या फ्रीझ फ्रेममध्येच होती: गाडीचा वेग शून्य, आरपीएम साडेआठशेच्या आसपास, पाणी पूर्ण गरम. म्हणजे कोड पडला तो गाडी उभी असताना, आयडलवर. भरल्या गाडीत दम लागताना नाही. हे डोक्यात ठेवा, पुढे सगळं यावरच फिरते.

आता सेन्सर काय सांगतो अन काय नाही, हे आधी नीट समजून घेऊ, कारण लोकं मोबाईलला ब्लूटूथ स्कॅनर जोडतात, अ‍ॅपमध्ये एअर फ्युएल रेशो म्हणून १४.७ दिसते, अन समाधान मानून घेतात.

या गाडीला दोन सेन्सर आहेत, एक कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, म्हणजे सायलेन्सरच्या नळीतल्या धूर साफ करणाऱ्या डब्याच्या, पुढे, एक मागे. दोन्ही झिरकोनियाचे, नॅरोबँड, म्हणजे फक्त रिच का लीन तेवढं सांगणारे. सेन्सरच्या टोकाला झिरकोनियाची टोपी असते, तिच्या बाहेरून जळालेला वायू वाहते अन आतल्या बाजूला बाहेरची साधी हवा असते, दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जेवढा फरक तेवढं व्होल्टेज. साधारण ३०० डिग्रीच्या वर तापल्याशिवाय तो नीट बोलत नाही, म्हणून आत हीटर असते. मिश्रण रिच असलं तर ०.८, ०.९ व्होल्ट, लीन असलं तर ०.१ च्या आसपास, अन मध्ये ०.४५ च्या तिथं एकदम उडी. ही उडी इतकी उभी असते की मिश्रण थोडं रिच आहे का लय रिच, हे व्होल्टेजवरून भरवशानं सांगताच येत नाही. संत्र्याच्या अडतीवरचा जुना तराजू जसा कोणतं पारडं खाली गेलं तेवढं दाखवते, किती किलोनं गेलं ते नाही, तसंच हे. किती किलोनं ते कळते वजनं टाकल्यावर, अन ती वजनं म्हणजे फ्युएल ट्रिम. ईसीयू सेन्सर पाहून इंधन कमी जास्त करत राहते, तात्पुरती दुरुस्ती शॉर्ट टर्ममध्ये, मुरलेली दुरुस्ती लाँग टर्ममध्ये, दोन्हीची बेरीज करा, तोच तुमचा आकडा. कंपनीच्याच सेन्सरवर रेशोची पाळत ठेवायची असेल तर व्होल्टेजपेक्षा ट्रिम वाचा.

अन सेन्सरला इंधन कोणतं हेही कळत नाही, त्याला फक्त ऑक्सिजन उरला का नाही एवढंच कळते. पूर्ण जळायला साध्या पेट्रोलला वजनानं १४.७ पट हवा लागते, २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साडेतेराच्या आसपास, सीएनजीला १७.२ च्या आसपास. तीन इंधनांचे तीन आकडे, पण जाळ बरोबर असला की सेन्सर तिघांनाही सारखंच दाखवते. बरीच अ‍ॅप्स लॅम्डाला (असलेली हवा भागिले पूर्ण जळायला लागणारी हवा, बरोबर जुळली की एक) सरळ १४.७ नं गुणतात अन तुम्ही गॅसवर चालत असले तरी १४.७ च दाखवतात. त्यातही काही अ‍ॅप जे दाखवतात ती ईसीयूची मागणी असते, कमांडेड इक्विव्हॅलन्स रेशो, म्हणजे ईसीयूला काय पाहिजे ते. ते मोजमाप नाहीच. या गाडीत हा आकडा अगदी मस्त एकवर होता, अन इंजिन मागून वास मारून राहिलं होतं.

स्कॅनरबद्दल एक सांगून ठेवतो, स्वस्तातला ईएलएम ३२७ ब्लूटूथ स्कॅनर चालते, पण एकावेळी वीस गोष्टी स्क्रीनवर लावल्या तर प्रत्येक आकडा इतक्या उशिरा येते की सेन्सरचं वर-खाली होणं दिसतच नाही अन चांगला सेन्सर आळशी वाटते. चार-पाचच ठेवा: लूप स्टेटस, दोन ट्रिम, पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज, आरपीएम. मागच्या सेन्सरचं नंतर वेगळं पाहा. लूप क्लोज्ड, म्हणजे ईसीयू सेन्सर पाहून इंधन ठरवत असल्याशिवाय ट्रिमचा आकडा लिहूच नका, गार इंजिनमध्ये ईसीयू सेन्सरचं ऐकतच नसते.

पहिलं काम सेन्सर जिवंत आहे का पाहणं. एकदम रेस दिली, व्होल्टेज ०.८८ वर गेलं. तिसऱ्या गिअरमध्ये पळवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला, तिथं ईसीयू इंजेक्टर बंद करते, म्हणजे सायलेन्सरमध्ये निव्वळ हवा जाते, व्होल्टेज पटकन शून्याजवळ. आयडलवर ०.१ ते ०.८ असा छान नाचून राहिला. सेन्सर ठणठणीत, अन जो काढून टाकला होता तोही बहुतेक ठणठणीतच असेल. इथंच फसायला होते, कारण सेन्सर नाचते म्हणजे रेशो बरोबर असं लय जण धरून चालतात. तो नाचते कारण ईसीयूनं इंधन वाढवून वाढवून त्याचं समाधान केलेलं असते. हे समाधान किती इंधन ओतून केलं ते ट्रिममध्ये पाहायचं, अन ट्रिम ईसीयूच्या मर्यादेला भिडली की मंग पी०१७१ पडते.

मंग आकडे लिहून काढले, दोन्ही इंधनांवर, इंजिन पूर्ण गरम करून. पेट्रोलवर आयडलला लाँग टर्म +१७ टक्के, शॉर्ट टर्म +८ च्या आसपास फिरते, बेरीज +२५, म्हणजे तेवढे टक्के इंधन जास्त. उभ्या गाडीत अडीच हजार आरपीएमला बेरीज +१०. क्रेट भरून रोडवर चौथ्या गिअरमध्ये ओढताना +५, +६. सीएनजीवर तेच केलं: आयडलला +२१, अडीच हजारला +६, रोडवर +१, +२.

कोरडे वाटतात, पण अर्ध्याच्या वर काम या आकड्यांनीच करून दिलं.

पेट्रोल पंप कमजोर असता, इंधनाचा फिल्टर चोंदला असता, तर आयडलला थोडक्यात भागून गेलं असतं अन खरी बोंब भरल्या गाडीत ओढताना झाली असती, जिथं इंधन जास्त लागते. इथं उलट, जेवढा लोड वाढवला तेवढी ट्रिम कमी. शिवाय गॅसवर तर पेट्रोलचा पंप अन पेट्रोलचे इंजेक्टर यांचा संबंधच नाही, तरी रोग तोच अन जवळपास तेवढाच. म्हणजे इंधनाची बाजू सुटली, दोन्हीकडची एकदमच. दोन इंधनांवरची गाडी असली की हा मोठा फायदा आहे अन तो कोणी घेत नाही, बटण दाबून पाच मिनिटांत अर्धी यादी कापता येते.

इथेनॉलचंही तसंच. ई १० वर (१० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर) सेट केलेल्या गाडीत ई २० (२० टक्क्यांचं) टाकलं तर इंधन चारेक टक्के जास्त लागते, कारण इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असते, अन ही ट्रिममधली वाढ आयडलपासून रोडपर्यंत सारखीच राहते. आता पेट्रोल अन गॅसच्या आकड्यांतला फरक पाहा, +२५ अन +२१, +१० अन +६, रोडवरही तेवढाच. सगळीकडे चार. तो चार टक्के इथेनॉलचा वाटा, बाकीचा रोग इथेनॉलच्या माथ्यावर मारता येत नाही. मालकाला हे कागदावर मांडून दाखवलं तेव्हा तो म्हणे, "म्हणजे इथेनॉल आहे, पण चार आण्याचंच."

आयडलला जास्त अन लोडवर कमी, हे ऐकलं की बहुतेक मिस्त्री व्हॅक्यूम लीक म्हणतात, अन एरवी ते बरोबरही असते. पण ही गाडी मॅप सेन्सरवर चालते, हवेचं माप इनटेक मॅनिफोल्डमधल्या, इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधल्या, दाबावरून काढते. अशा गाडीत थ्रॉटलच्या मागून कुठून हवा शिरली तर दाब वाढते, ईसीयूला ती हवा दाबातून कळतेच अन ते इंधन आधीच वाढवते, त्यामुळं ट्रिम एवढी चढत नाही, आरपीएम वर जाते. हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरच्या गाडीत गोष्ट वेगळी, तिथं चोरून शिरलेली हवा मापातच येत नाही. इथं आयडल वाढलेला नव्हता, मॅपचं रीडिंग ठीक होतं, इनटेकच्या जोडांवर कार्ब क्लीनर मारून पाहिला तर इंजिनच्या आवाजात काही फरक नाही.

मंग स्पार्क प्लग काढले. सगळे काळे, कोरडी काजळी, बोटाला लागणारी. लीन चाललेल्या इंजिनचे प्लग असे नसतात, ते पांढरट असतात.

इथं खरं प्रकरण उघडलं. सेन्सर म्हणते हवा जास्त, प्लग म्हणतात इंधन जास्त. प्लग सिलिंडरच्या आत असते, जाळ होते तिथं, सेन्सर बाहेर सायलेन्सरच्या नळीत. दोघंही खरं बोलत असतील तर एकच अर्थ निघते, सिलिंडरमधून निघाल्यावर अन सेन्सरपर्यंत पोचायच्या आत कुठंतरी बाहेरची हवा मिसळून राहिली. मिसफायर, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये जाळच न होणं, असलं तरी न जळलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत जाते अन सेन्सर लीनच म्हणते, म्हणून मिसफायरचे काउंट पाहून घेतले, तसं काही नव्हतं. मागच्या सेन्सरनंही पुरावा दिला, आयडलला तो ०.७८ च्या आसपास ठाण मांडून होता, म्हणजे रिचच्या बाजूला. पुढचा म्हणते लीन, मागचा म्हणते रिच, म्हणजे हवा पुढच्या सेन्सरच्या अगदी तोंडाशी शिरून राहिली, त्याच्या टोकावरूनच जाते, सगळ्या वायूत मिसळल्यावर तिचा तेवढा असर उरत नाही.

कोणी म्हणेल सायलेन्सर फुटला तर वायू बाहेर येईल, हवा आत कशी जाईल? इंजिनचा धूर सलग येत नाही, प्रत्येक सिलिंडरचा एकेक धक्का येते, अन दोन धक्क्यांच्या मध्ये नळीतला दाब बाहेरच्यापेक्षाही खाली जाते, त्या क्षणात फटीतून हवा आत ओढली जाते. आयडलला धक्के कमजोर अन दूर दूर, वायू थोडा, त्यात शिरलेल्या हवेचं प्रमाण मोठं. लोडवर नळीत दाब भरपूर, आत काही येत नाही. आता आयडलला +२५ अन रोडवर +५ का, ते जुळलं. अन अ‍ॅव्हरेज का पडलं तेही जुळलं, कारण ही गाडी हायवेवर जेवढी पळते तेवढीच बागेत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरपटते अन मार्केटच्या रांगेत इंजिन सुरू ठेवून उभी राहते. मी हिशोब केला, इथेनॉलचे चार टक्के सोडून उरलेली वाढ धरली तर आयडलला पेट्रोलवर खरा रेशो अकराच्या जवळ पडत होता, अन अ‍ॅप दाखवत होतं १४.७.

फट शोधायला गरम इंजिनवर हात फिरवू नका, दिसतही नाही अन भाजते. इंजिन पूर्ण गार केलं, मागून नळीत धूळ उडवायचा ब्लोअर कापड गुंडाळून लावला, हवा सोडली, अन पुढच्या सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारलं. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या नळ्या) अन पुढची नळी जिथं फ्लँजवर, बोल्टच्या जोडावर, जुळते तिथं बुडबुडे आले, सेन्सरपासून चार बोटांवर. खोललं तर गॅस्केट एका बाजूनं जळून गेलेलं, त्याच बाजूचा स्टड तुटलेला, फ्लँजवर काळा पट्टा. आवाज का येत नव्हता? फट बारीक होती, अन भरल्या गाडीच्या खडखडाटात ती टिकटिक ऐकायला येतच नाही.

स्टड तुटला का, हेही शोधायला पाहिजे, नाहीतर नवीन गॅस्केटही त्याच रस्त्यानं जाते. सायलेन्सरला मधात टांगून ठेवणारं रबर तुटलेलं होतं, कोणीतरी तिथं तार बांधली होती. तारेनं नळी पडत नाही पण हलते, अन पावसाळ्यानंतरच्या पांदणीवर प्रत्येक खड्ड्यात तिचा सारा भार त्या फ्लँजवर येते. त्या भागातल्या बऱ्याच माल वाहणाऱ्या गाड्यांची चाकं अशाच रस्त्यावर असतात, तेव्हा हे रबर सर्व्हिसिंगच्या यादीत असायलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे, दोनशे रुपयाच्या आतली वस्तू आहे अन तिच्यापायी हजारोचा सेन्सर बदलल्या जाते.

तुटलेला स्टड ड्रिल करून काढला, आटे साफ केले, नवीन स्टड, नवीन गॅस्केट, नवीन रबर. सायलेन्सर पेस्ट किंवा साधा सिलिकॉन लावून फट बुजवायचा मोह होते, तो करू नका, साध्या सिलिकॉनची वाफ सेन्सरच्या टोकावर पांढरा थर धरते अन चांगला सेन्सर मारते. प्लग नवीन टाकले. आता कोड पुसला, ट्रिम शून्यावर आणल्या, अन मालकाला सांगितलं की आकडे लगेच पाहू नका, एक खेप नागपूरची करून या, अर्धी गॅसवर अर्धी पेट्रोलवर, म्हणजे लाँग टर्म मुरेल.

आल्यावर घेतलेले आकडे असे: सीएनजीवर आयडलला बेरीज +१ ते -१, रोडवर +१. पेट्रोलवर आयडलला +४, अडीच हजारला +४, रोडवर +५. मागचा सेन्सर ०.६५ च्या आसपास शांत. पेट्रोलवरचे ते चार टक्के तसेच राहिले, इथेनॉल आहे तोवर राहतील, गाडीत त्याचा काही दोष नाही, +१० च्या आतली ट्रिम ईसीयू आरामात सांभाळून घेते.

दोन गोष्टी मालकाला सांगून ठेवल्या. एक, हे सगळं आयडल अन मध्यम लोडपुरतं खरं आहे. भरली गाडी चढावर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबून ओढते तेव्हा ईसीयू सेन्सरचं ऐकणं सोडून देते अन मुद्दाम इंधन वाढवते, सेन्सर ०.८८ दाखवते, तिथं रेशो साडेबारा आहे का साडेतेरा हे कंपनीचा नॅरोबँड सांगूच शकत नाही. ते पाहायचं असेल तर वाइडबँड सेन्सर पाहिजे, ज्यात पंप सेल असते अन नेमका लॅम्डा मोजता येते, पण संत्रा वाहणाऱ्या गाडीला त्याची गरज नाही. मालकाचा चुलतभाऊ सोबत आला होता, त्याचा डिझेल ट्रक आहे, तो म्हणे माझ्याही गाडीत असंच पाहून द्या. डिझेलमध्ये हा हिशोब लागत नाही, डिझेल इंजिन कायमच भरपूर जास्तीच्या हवेवर चालते, लोडनुसार रेशो कुठल्या कुठं फिरते, लॅम्डा एकच्या भोवती ठेवणारी ट्रिम पाहायचा प्रश्नच नसते. बऱ्याच बीएस ६ डिझेलमध्ये एनओएक्स (नायट्रोजनचे ऑक्साइड मोजणारा) सेन्सर असते, तो ऑक्सिजनही सांगते, पण ती तपासणी वेगळी.

दुसरं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. एवढे महिने आयडलला रिच वायू त्यातून गेला, त्याचा परिणाम किती झाला ते आज सांगता येत नाही. मागचा सेन्सर जोवर शांत आहे तोवर ठीक, तो पुढच्यासारखा नाचायला लागला तर कन्व्हर्टर दमला समजायचं, तेव्हा कन्व्हर्टरचा कोड पी०४२० येईल. म्हणून मृग बहाराचा हंगाम संपला की गाडी परत आणायची ठरली आहे, दोन्ही सेन्सर एकाच वेळी स्क्रीनवर लावून पाहू, अन प्लगही काढून पाहू.